शाळा सोडण्याचे कारण

यशवंतपूर, बंगलोर
२० डिसेंबर १९९४

अप्पा,

पत्र सुरू कसं करायचं ते तुम्हीच शिकवलंत. पण अडीच वर्षांनी लिहायला बसले आणि ती ओळ काही हातून उतरेना. नमस्कार करते, तो मनापासून आहे, एवढं समजून घ्या.

आधी कामाचं लिहिते. मला माझा शाळा सोडल्याचा दाखला हवा आहे.

हे गेल्यावर यांच्या जागी मला संस्थेत नोकरी मिळाली हे सुहासने सांगितलंच असेल. अटेंडर म्हणून आहे. फाइली या खोलीतून त्या खोलीत नेते, साहेबांना पाणी देते, संध्याकाळी कुलपं लावते. काम वाईट नाही, माणसंही वाईट नाहीत. यशवंतपूरला बाजाराच्या मागे दोन खोल्या घेतल्या आहेत. दिवसभर मिरचीच्या पोत्यांचा खकाणा येतो, श्वेता शिंकते आणि हसते. ती आता सातवीत आहे. तिथून हेब्बाळला, संस्थेत, एका बसने जाता येतं.

आमच्या आस्थापना विभागात भीमाचार्य म्हणून वडीलधारे हेडक्लार्क आहेत, धारवाडकडचे. परवा त्यांनी मला बसवून घेतलं. म्हणाले, "अक्का, शहाण्णवच्या जुलैत क्लार्कच्या दोन जागा रिकाम्या होतात. अटेंडर लोकांतनंच भरायच्या. अट एकच, मॅट्रिक पाहिजे. तुम्ही किती शिकला?"

"नववी पास."

"मग एकच वर्ष राहिलं की! बसा परीक्षेला."

इतकं सोपं करून सांगितलं त्यांनी. चौकशी केली. बाहेरून बसायचं तर सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो, तो ऑगस्टमध्ये. मराठीतून द्यायची म्हणजे आपल्याकडूनच द्यायला हवी. परीक्षा शहाण्णवच्या मार्चला. फॉर्मला दाखला लागतो. तो मी कधी घेतलाच नव्हता. लग्नाच्या वेळी कुणी मागितला नाही.

नवीन वर्षापासून अभ्यास सुरू करायचा असं ठरवलं आहे. पस्तिसाव्या वर्षी. तुम्हाला हसू आलं तर येऊ दे.

मी तिकडे परत आले नाही याचा तुम्हाला राग आहे, तो मला ठाऊक आहे. त्याबद्दल आज काही लिहीत नाही. दाखला तेवढा पाठवावा.

तुमची,
कस्तुरी


यशवंतपूर
११ जानेवारी १९९५

अप्पा,

तुमचं पाकीट आलं. वरचं अक्षर बघूनच मी जिन्यात बसले. उघडलं तर आत माझंच पत्र. तांबड्या शाईने बारा ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ सुधारलेले, एका वाक्याखाली रेघ, आणि शेवटी "शुद्धलेखन १० पैकी ६". बाकी एक शब्द नाही. दाखलाही नाही.

श्वेताने विचारलं, "आजोबा रागावलेत का?" मी म्हटलं, रागावलेला माणूस बारा चुका शोधत बसत नाही. तिला पटलं. मला अजून पुरतं पटलेलं नाही.

सगळे शब्द पाच-पाच वेळा लिहून काढले. तुम्ही विचारलं नाहीत, तरी ठरवलेलं सांगते. एका जुन्या कॅलेंडरच्या पाठीमागे मी वर्षभराचा तक्ता केला होता: जूनपर्यंत बीजगणित संपवायचं, सप्टेंबरपर्यंत भूमिती, मग शास्त्र, इतिहास. तो मोठ्या हौसेने भीमाचार्यांना दाखवला. त्यांनी चष्मा वर केला आणि म्हणाले, "वर्षाचं ठरवू नका अक्का. वर्ष फार मोठं असतंय, त्यात माणूस लपून बसतो. सोमवारचं ठरवा. सोमवार झाला की मंगळवारचं. स्वल्प स्वल्प ओदी." थोडं थोडं वाचा, असं.

म्हणून आता रोज दोन गणितं आणि एक पान. पहाटे साडेचारला नळाला पाणी येतं, ते भरून झालं की सहापर्यंत बसते. झालं की नव्या कॅलेंडरातल्या तारखेवर बरोबरची खूण करते. आजपर्यंत दहा खुणा झाल्या. एक दिवस चुकला, श्वेताला ताप होता.

दाखल्याची वाट बघते.

कस्तुरी


यशवंतपूर
५ मार्च १९९५

अप्पा,

दाखला मिळाला. सुहासने पाठवला, सोबत त्याची दोन ओळींची चिठ्ठी होती की तुमच्या ट्रंकेत सापडला, आणि तुम्ही "पाठव" एवढंच म्हणालात.

मी तो पहिल्यांदाच पाहिला. जून १९७४. मुख्याध्यापक म्हणून तुमची सही. सगळा मजकूर तुमच्याच अक्षरात.

वर्तणूक: चांगली.
अभ्यासातील प्रगती: असमाधानकारक.
शाळा सोडण्याचे कारण: शिक्षणात गोडी नाही.

अप्पा, नववीच्या वार्षिक परीक्षेत माझा दुसरा नंबर होता. पहिली संध्या पाटील. आम्ही एका बाकावर बसत होतो. नव्या पद्धतीच्या दहावीची आमची पहिलीच तुकडी, म्हणून नवी पुस्तकं आली होती आणि तुम्ही ती घरी आणून मला आधी दाखवली होतीत. वास घेऊन बघ म्हणालात.

त्याच मे महिन्यात आईचा डावा हात आणि पाय गेला. सुहास तीन वर्षांचा. शाळा सुरू व्हायच्या आदल्या दिवशी मी दप्तर भरून ठेवलं होतं. तुम्ही ते खुंटीवरून काढून माळ्यावर ठेवलंत आणि म्हणालात, "यंदा राहू दे." मी "बरं" म्हटलं. भांडले नाही. आईला कुणीतरी उचलायला हवंच होतं. त्याचं मला दुःख होतं, पण तुमचा राग नव्हता.

पुढे काकू, आत्या, सोयरे, सगळ्यांकडून एकच ऐकत आले की कस्तुरीलाच शिकायचं नव्हतं, तिचं डोकंच चालायचं नाही. ते कुठून निघालं ते मी कधी शोधलं नाही. इतकी वर्षं ऐकून ऐकून मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. यांना पगाराचा हिशेब विचारायला गेले की मीच म्हणायची, मला कुठलं कळायला.

आता कळलं, कुठून निघालं ते.

भांडायला लिहीत नाही. अक्षर मात्र सुंदर आहे तुमचं.

कस्तुरी


यशवंतपूर
२५ जून १९९५

अप्पा,

मार्चच्या पत्राचं उत्तर आलं नाही. नंतर मी तीन कार्डं टाकली. प्रत्येकात "अभ्यास व्यवस्थित चालू आहे" असं लिहिलं. ते खोटं होतं. म्हणून आज हे लांबलचक पत्र.

एप्रिलच्या पहिल्या आठवड्यापासून मी पुस्तक उघडलेलं नव्हतं. वर्गसमीकरणांपाशी अडले. एक गणित चार दिवस सुटेना. पूर्वी अडलं की वाटायचं, गणित अवघड आहे. आता दर वेळी ते तीन शब्द समोर यायचे, शिक्षणात गोडी नाही, तेही तुमच्या वळणदार अक्षरात. वाटायचं, अप्पा खोटं कशाला लिहितील? आयुष्यभर दुसऱ्यांचे पेपर तपासलेला माणूस. त्यांना दिसलं असेल ते लिहिलं. मग वही मिटायची. पहाटे पाणी भरून झालं की मी परत आडवी व्हायची आणि श्वेताला सांगायची की डोकं दुखतंय.

तिने एकदा कॅलेंडर काढून आणलं. "आई, एप्रिलमध्ये दोनच खुणा आहेत. मेमध्ये एकही नाही. तू दांडी मारलीस?"

"हो."

"मग मी मारली तर ओरडतेस का?"

मी कॅलेंडर परत खिळ्याला लावलं.

गेल्या सोमवारी भीमाचार्यांनी जेवणाच्या सुट्टीत विचारलं, तयारी कुठपर्यंत आली. मी सांगितलं, सोडून दिलं. त्यांना कारण हवं होतं. मी पर्समधून दाखलाच काढून पुढे ठेवला. का बाळगत होते पर्समध्ये, माहीत नाही. त्यांना देवनागरी येते. सावकाश सगळा वाचला.

"हे कोणी लिहिलं?"

"वडिलांनी. ते हेडमास्तर होते."

त्यांनी सहीखालची तारीख परत एकदा वाचली. मग कागद जसा होता तसा दुमडून परत दिला. "अक्का, ही नोंद आहे. मी बत्तीस वर्षं नोंदी करतोय. नोंद करणारा कधी चुकतो, कधी मुद्दाम करतो. जन्मतारीख चुकीची लिहिली म्हणून माणूस लहान होत नाही की नाही? ज्यानं लिहिलं त्याला विचारा. मला दाखवून काय उपयोग?"

म्हणून विचारते, आणि दाखलाही सोबत परत पाठवते. आईच्या आजारपणाची, घरच्या अडचणीची कारणं मला सांगू नका, ती मी स्वतः पाहिली आहेत. मला एवढंच सांगा: तेव्हा माझी प्रगती खरंच असमाधानकारक होती का? तसं असेल तर मी फॉर्म भरणार नाही, आणि मनात अढीही ठेवणार नाही. होय किंवा नाही, कार्डावर लिहिलंत तरी चालेल.

आज रविवार. सकाळी एक गणित करून बघितलं. सुटलं नाही, पण अर्ध्यापर्यंत गेलं.

कस्तुरी


यशवंतपूर
६ ऑगस्ट १९९५

अप्पा,

तुमचं पत्र येऊन आज आठ दिवस झाले. चार पानं. 

पहिलीच ओळ मला पाठ झाली आहे. "नाही. तुझी प्रगती उत्तम होती. मी लिहिले ती चूक नव्हे, ते खोटे होते."

पुढचं तुम्ही लिहिलंत ते वाचताना मला तो दिवस आठवला. हणमंतराव पाटलांच्या अंगणात तुम्ही उभे होता, मी तुमच्यामागे छत्री धरून. संध्याला शाळेतून काढणार म्हणून तुम्ही त्यांना सगळ्या वाडीदेखत बोललात. "पोरीला चुलीशी बसवणारा बाप तिचा वैरी असतो." हणमंतराव खाली मान घालून ऐकत राहिले आणि दुसऱ्या दिवशी संध्या शाळेत आली. ते एप्रिलमध्ये. जूनमध्ये तुम्हाला माझा दाखला लिहायचा होता. त्या रकान्यात "घरकामासाठी" असं लिहायला तुमचा हात उठला नाही. रजिस्टर हणमंतरावांनी पाहिलं असतं, इन्स्पेक्टरांनी पाहिलं असतं. म्हणून दोष माझ्या नावावर टाकलात. पुढे लोक विचारू लागले तेव्हा तेच सांगत राहिलात, आणि मग मागे फिरता येईना.

एवढ्यासाठी. मी दोन दिवस हेच म्हणत होते, एवढ्यासाठी.

तुम्ही लिहिलंत की यांच्यानंतर मला घरी बोलावत होता ते त्याचीच भरपाई म्हणून, आणि मी आले नाही म्हणून चिडलात. अप्पा, तेव्हा हे सांगितलं असतंत तर मी आले नसते, पण अडीच वर्षं गप्पही बसले नसते.

माफ केलं असं लिहायला बसले होते. लिहवत नाही अजून. खोटं लिहिण्यापेक्षा नाही लिहिलेलं बरं.

फॉर्मचं मात्र मनाला भिडलं. सुहासचं पत्र काल आलं. तुम्ही स्वतः शाळेत गेलात म्हणे, रिक्षाही न करता. दहावीचे फॉर्म आता संध्याच बघते, हे मला माहीत नव्हतं. तिने दाखला वाचला आणि तुमच्याकडे बघितलं, तेव्हा स्टाफरूममध्ये सगळे असताना तुम्ही म्हणालात, "संध्याबाई, हे कारण खोटं आहे. ते मीच लिहिलंय. फॉर्म तेवढा घ्या." सुहास लिहितो, ती उठून उभी राहिली आणि तिने तुम्हाला खुर्ची दिली. तो दारात उभा होता. तोही हे पहिल्यांदाच ऐकत होता.

तुम्ही पाठवलेली वीस गणितं मिळाली. त्यातली तेरा सुटली. सोबत पाठवते, तपासून द्या. तांबड्या शाईने केलीत तरी चालेल.

कस्तुरी


यशवंतपूर
३१ डिसेंबर १९९५

अप्पा,

वर्ष संपलं. श्वेता शेजारच्या अक्कांकडे टीव्ही बघायला गेली आहे. दुपार निवांत आहे, म्हणून कॅलेंडर पुढे घेऊन बसले.

ठरवलं होतं ते सगळं झालं नाही. बीजगणित जूनऐवजी ऑक्टोबरला संपलं. भूमितीची वर्तुळावरची प्रमेयं राहिली आहेत. इंग्रजीत निबंध येत नाही, पत्र येतं. इतिहास आवडायला लागला, हे ठरवलंच नव्हतं. मे महिना कोरा आहे. तो तसाच राहू दिला, मागाहून खुणा केल्या नाहीत. ऑगस्टनंतर मात्र एकूण नऊ दिवस चुकले, त्यातले चार दिवाळीचे.

सुरुवातीला मला वाटायचं, रोज मनापासून इच्छा व्हायला हवी, तरच अभ्यास होईल. तशी इच्छा आठवड्यातून एकदा होते. बाकीचे सहा दिवस नुसतं बसायचं. बसलं की पंधरा मिनिटांनी हात आपोआप चालतो. तुमची दर गुरुवारी येणारी गणितं हेही एक कारण आहे. पोस्टमनला आता ठाऊक झालंय. "मेष्ट्रु लेटर" म्हणून खालूनच हाक मारतो. मास्तरांचं पत्र!

तुमच्या डोळ्यांचं ऑपरेशन फेब्रुवारीत आहे असं सुहास लिहितो. मग गणितं पाठवू नका. तुमची जुनीच परत सोडवीन.

नव्या वर्षाचं काही मोठं ठरवलेलं नाही. उद्या सोमवार आहे. उद्या स्पर्शिकेचं प्रमेय.

परीक्षेला गडहिंग्लजचं केंद्र आलं आहे. संध्याने पत्र लिहून बोलावलं होतं, तिचं घर केंद्राजवळ आहे, माझ्याकडेच राहा म्हणाली. मी हो म्हणणार होते. मग वाटलं, बेळगावपर्यंत यायचं, पुढे एस.टी.ने गडहिंग्लजला यायचं, आणि तुमच्यापासून सात मैलांवर राहायचं, हे बरं नाही. मी आणि श्वेता घरीच येतो. सकाळची एस.टी. वेळेवर असते ना, तेवढं कळवा.

अजून एक. घरात मला अभ्यासाला माजघरातली जागा नको. आईची खाट तिथे होती. ओसरीवर बसेन.

कस्तुरी


यशवंतपूर
९ जून १९९६

अप्पा,

सुहासचा फोन शुक्रवारी ऑफिसात आला. भीमाचार्यांनीच उचलला आणि माझ्याआधी त्यांनाच कळलं. ते टेबलावरून उठून व्हरांड्यात आले आणि मोठ्याने म्हणाले, "अक्का पास!" झाडूवाल्या बाईंपासून डायरेक्टरांच्या पी.ए.पर्यंत सगळे जमले. मला वाटलं होतं रडू येईल, पण भूक लागली. कँटीनमध्ये जाऊन दोन डोसे खाल्ले.

एकूण अठ्ठावन्न टक्के. गणितात दीडशेपैकी एकोणसत्तर. इतिहासात सगळ्यात जास्त. भीमाचार्यांनी अर्ज लगेच टाइप करून घेतला. दोन जागांना तिघांचे अर्ज आहेत, जुलैअखेर कळेल. न मिळाली तर पुढच्या वेळी. अट आता मी पुरी करते, ती कुणी काढून घेऊ शकत नाही.

आता तुम्हाला न सांगितलेलं एक सांगते.

बीजगणिताच्या पेपराला तुम्ही हट्टाने माझ्याबरोबर आला होता. डोळ्याला हिरवी पट्टी, ऊन तापलेलं. मी नको नको म्हणत होते. तुम्ही फाटकाबाहेर चिंचेखाली पालकांच्या घोळक्यात बसलात. मी आत गेले आणि पाच मिनिटांत परत आले, कंपासपेटी तुमच्या पिशवीत राहिली होती. पट्टीमुळे त्या बाजूने येणारी मी तुम्हाला दिसले नाही.

शेजारचे एक गृहस्थ तुम्हाला विचारत होते, "नात बसलीय का परीक्षेला?"

तुम्ही म्हणालात, "नात नव्हे, मुलगी."

"मुलगी? एवढी उशिरा?"

"हुशार होती. तिची आई आजारी पडली म्हणून मी तिला शाळेतून काढली. आणि वर गावाला सांगितलं की तिलाच गोडी नाही. एकवीस वर्षं सांगितलं."

तो माणूस गोंधळला.  आपल्याकडे अशी गोष्ट कुणी अनोळख्याला सांगत नाही. तुम्ही मात्र पुढे त्याच्याकडे बघितलंही नाहीत, शाळेच्या इमारतीकडे बघत राहिलात. पत्रात कबूल करणं वेगळं, संध्यासमोरही वेगळं, तिथे फॉर्म भरून घ्यायचा होता. इथे तुम्हाला कुणी विचारलं नव्हतं. नात म्हणून हो म्हणाला असतात तरी चाललं असतं.

घंटा झाली. मी पुढे होऊन तुमच्या पिशवीतून कंपासपेटी काढली. तुम्ही दचकून म्हणालात, "कोण?" मी म्हटलं, "मी, कस्तुरी." तुम्ही विचारलंत, "कधी आलीस?" मी म्हटलं, "आत्ताच."

पळत वर्गात गेले. दारातल्या बाईंनी घड्याळ बघितलं आणि विचारलं, "बाहेर बसलेत ते तुमचे वडील का? मघाशी फाटकाशी म्हणत होते, माझ्या मुलीला खिडकीजवळ बसवा, तिला उकाडा सोसत नाही."

"हो," मी म्हटलं, "माझे वडील."

आणि बसून पेपर लिहायला घेतला, अप्पा. पहिलं गणित वर्गसमीकरणाचं होतं. ते सुटलं.

तुमची,
कस्तुरी